वाडीत चार, खाणीवर एकोणीस

3 मार्च 2024, रविवार. पल्स पोलिओचा बूथ आठ वाजता लावायचा होता, म्हणून साडेसहालाच लसीचा डबा खांद्याला अडकवून मी निघाले. रत्नागिरी जिल्ह्यात आरोग्यसेविका म्हणून लागले ती 1992 साली. म्हणजे हा डबा पोलिओच्या पहिल्या मोहिमेपासून माझ्या खांद्यावर आहे.

वाडीत पाच वर्षांखालची मुलं किती, हे आशाताईला यादी न बघता सांगता येतं. चार. नऊ वाजेपर्यंत तिघांना थेंब पाजून झाले, डाव्या करंगळीवर खुणा झाल्या. चौथा आईबरोबर आजोळी गेला होता. एका कुपीत 20 डोस असतात. त्यातले तीन वापरून आम्ही तिघी शाळेच्या पडवीत बसून होतो. मी लागले तेव्हा याच पडवीत रांग आवरायला माणूस लागायचा.

दहाच्या सुमारास समोरच्या घरातल्या वहिनी चहा घेऊन आल्या. नवरा वारला, दोन्ही मुलगे मुंबईला, एक नालासोपाऱ्याला आणि एक दिव्याला. 1994 साली त्यांना ऑपरेशनच्या शिबिराला मीच घेऊन गेले होते. कप ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "बाय, तू मला दोनावर थांबवलंस. तिसरा असता, तर एखादा तरी हितं राह्यला असता."

मला काही बोलताच आलं नाही. तेव्हा आम्हाला टार्गेट असायचं. वर्षाला नसबंदीच्या इतक्या शस्त्रक्रिया, गर्भ राहू नये म्हणून बसवायच्या इतक्या तांबी. 1996 मध्ये ते बंद झालं, आणि बरं झालं. आकडा भरायचा असला की समोरच्या बाईचं म्हणणं नीट ऐकलं जात नाही, माझ्याकडूनही कितीदा ऐकलं गेलं नाही. पण वहिनींचं मला लख्ख आठवत होतं. दुसऱ्या बाळंतपणात इतकं रक्त गेलं होतं की ओठ पांढरे पडले होते. तिसऱ्या खेपेला त्या वाचल्या असत्या का?

आणि वहिनींच्या कुंपणाला लागूनच एक घर आहे. त्या घरात पाच भाऊ. गणपती आणि शिमगा सोडला, तर त्या दाराला कुलूप. पाचही जण मुंबईतच आहेत. वाडी ओस पडली ती मुलं कमी झाली म्हणून नव्हे. भातशेतीवर पोट भरत नाही आणि दुसरं काम इथं नाही, म्हणून. 2001 ते 2011 या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या 18 कोटींनी वाढली, आणि आमचा जिल्हा 17 लाखांवरून 16 लाख 15 हजारांवर आला. हजार पुरुषांमागे 1,122 बाया. पुरुष कुठे गेले, ते या एका आकड्यातून कळतं.

दुपारी बूथ आशाताईवर सोपवून मी चिरेखाणीकडे गेले. तिथं पत्र्याच्या झोपड्या, तांबडी धूळ आणि पाण्याचा एकच टँकर. कामगार कर्नाटकातले, विजापूर बाजूचे. मुलं मोजली तर एकोणीस! आमच्या पाच वाड्या मिळूनही इतकी भरणार नाहीत. उघडी कुपी संपली, दुसरी फोडावी लागली. बऱ्याच मुलांकडे लसीकरणाचं कार्डच नव्हतं. अंगणवाडी इथून दीड किलोमीटरवर. तिथं पट कमी म्हणून सेविकेला घोर, आणि इथं ही मुलं दगडाच्या ढिगावर खेळत होती.

लोकसंख्या हे संकट की बळ, असं कोणी विचारलं की ही दोन ठिकाणं माझ्या डोळ्यांसमोर येतात. 2019-21 च्या पाहणीत महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी 1.7 मुलं होती, देशाचा आकडाही 2.0 वर आला. पिढीच्या जागी पिढी यायला 2.1 लागतात. तेव्हा "पोरं फार झाली" म्हणून ओरडण्याचे दिवस गेले असं माझं मत आहे, आणि "अजून जन्माला घाला" असं बायांना सांगणारे तर मला मुळीच पटत नाहीत. र. धों. कर्वे आमच्याच जिल्ह्यातल्या मुरूडचे. 1921 मध्ये मुंबईत त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं. किती मुलं हवीत हे बाईनं ठरवायचं, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. त्यापुढचं काम, म्हणजे झालेल्या मुलाला लस, शाळा आणि पुढे गावातच काम, ते आपल्या सगळ्यांचं.

मी निघताना एक बाई मागून आली. कडेवर तीन महिन्यांचं बाळ, तिचं चौथं. मराठी येणाऱ्या जावेला पुढे करून तिनं विचारलं, "आता बंद करायचं काही आहे का?" ऑपरेशन केलं तर विश्रांती घ्यावी लागणार, म्हणजे मजुरी बुडणार. मी तांबी, गोळ्या, दर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन सगळं समजावलं. पाळी अनियमित होऊ शकते, हेही लपवलं नाही. तिनं इंजेक्शन म्हटलं. मंगळवारी ती खाणीच्या टेम्पोत बसून आरोग्य केंद्रात आली, डॉक्टरांनी तपासलं, पहिला डोस दिला.

दुसरा डोस जूनमध्ये. तेव्हा पावसामुळे खाण बंद असेल आणि ती गावी. तिथल्या सिस्टरला दाखव म्हणून तारीख कार्डावर ठळक लिहिली, आणि मागे माझा नंबर.