पुण्याहून लालबागेपर्यंत: धारवाडच्या ढालप्रदेशातील तीन दिवस

डिसेंबरात आम्ही पुण्याहून मोटारीने बेंगळुरूला गेलो, ते मुद्दाम वाटेतले खडक पाहण्यासाठी. सह्याद्रीच्या सावलीत वाढलेल्यांना काळा कातळ हीच मूळ जमीन वाटते. वास्तविक तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी पसरलेला लाव्हा आहे, आणि कोयना परिसरातील विंधनविवरांमध्ये त्याची 900 मीटरहून अधिक जाडी भेदल्यावर खाली ग्रॅनाइट व पट्टिताश्म, म्हणजेच नाईस, लागले. बेळगावच्या आसपास हे काळे आच्छादन संपते आणि पुढे दक्षिणेकडे धारवाड ढालप्रदेशाचे, म्हणजे भूकवचाच्या अतिप्राचीन व स्थिर भागाचे, कितीतरी जुने खडक उघड्यावर येतात.

पहिला मुक्काम चित्रदुर्गला करावा. ग्रॅनाइटच्या गोलसर शिळांमध्ये गुंफलेली किल्ल्याची तटबंदी पाहण्यास अर्धा दिवस लागतो.

मात्र खरी वेळ राखून ठेवावी ती ऐमंगलजवळच्या मरडीहळ्ळीसाठी. येथे उशांच्या ढिगासारखा दिसणारा लाव्हा आहे. पाण्याखाली बाहेर पडलेल्या लाव्ह्याची साल क्षणात गोठते, आतला तप्त रस ती फोडून पुढे सरकतो आणि एकावर एक गोळे रचले जातात. म्हणजे आज जिथे पाण्याची बाटली सोबत न्यावी लागते, तिथे 250 कोटी वर्षांहूनही आधी पाणी होते. भर दुपारी गेल्यामुळे पहिल्यांदा आम्हाला फारसे काही उमगले नाही. संध्याकाळी परतलो, तेव्हा तिरप्या उन्हात प्रत्येक उशीची कड स्पष्ट उठून दिसली. त्यामुळे सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावरच जावे. हे राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. हातोडी नेऊ नये आणि सुटा तुकडाही उचलू नये, ही कळकळीची विनंती.

बेंगळुरूच्या लालबागेतील टेकडी शेवटी पाहावी. केंपेगौडांच्या बुरुजाखालचा हा खडक सुमारे 300 कोटी वर्षांपूर्वीचा आहे. भूवैज्ञानिक डब्ल्यू. एफ. स्मीथ यांनी 1916 मध्ये या जातीच्या खडकांना ‘पेनिन्सुलर नाईस’ हे नाव दिले. बुरुजापाशी छायाचित्रे काढून बहुतेक जण परततात; तसे न करता उतारावर खाली वाकून पाहावे. क्वार्ट्‌झ व फेल्डस्पार या खनिजांचे फिकट पट्टे आणि कृष्णाभ्रकाचे, म्हणजे काळ्या अभ्रकाचे, गडद पट्टे एकमेकांशेजारी वळत गेलेले तिथे हाताने चाचपता येतात. पाऊस पडून गेला असेल, तर खडक निसरडा होतो, पण पट्टे तेव्हाच सर्वांत ठळक दिसतात. म्हणून चांगली पकड असलेले बूट घालून जावे.