तुम्ही विचारलंत म्हणून : धडगाव सोडून तिकडे कशाला?

धडगाव म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातला, सातपुड्यातला तालुका. तिथे मी मुलांच्या कुपोषणावर काम करायची, आता त्याच कामासाठी परदेशी जाते. त्यामुळे हा प्रश्न मी वेगवेगळ्या सुरांत ऐकलाय. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या तोंडी त्यात कुतूहल असतं, सासरच्या मंडळींच्या तोंडी काळजी, आणि विद्यार्थ्यांना खरं तर नोकरी कशी मिळते एवढंच हवं असतं. पण गेल्या वर्षी नंदुरबारला एका महाविद्यालयात माझं बोलून झालं आणि मागच्या रांगेतले एक निवृत्त गुरुजी उठून उभे राहिले. “ताई, आमच्या धडगावात पोरं कमी वाळलीत का, की तुम्हाला सुदानात जावं लागतं?” सभागृह हसलं. मी ‘मूल कुठलंही असलं तरी...’ छापाचं काहीतरी गुळमुळीत बोलले आणि चहाच्या टेबलाकडे सटकले. ते उत्तर माझं मलाच पटलं नव्हतं.

आधी एक दुरुस्ती. सुदान नव्हे, दक्षिण सुदान. ९ जुलै २०११ला वेगळा झालेला देश. आणि मी ‘युनिसेफमध्ये’ नाही, कितीही वेळा सांगितलं तरी आईच्या मैत्रिणींना ते पटत नाही. मी कन्सल्टंट आहे. सल्लागार म्हटलं की लोकांना सुटाबुटातला माणूस दिसतो. प्रत्यक्षात ही रोजंदारी आहे. पैसे बरे मिळतात, पण रोजंदारीच. एखादी संस्था कागद काढते : अमुक जिल्ह्यात पाच वर्षांखालच्या मुलांचं पोषण सर्वेक्षण, चाळीस दिवस, शेवटी अहवाल. दिवसांवर पैसे. पेन्शन नाही, पगारी रजा नाही. २०२५च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली तेव्हा माझ्या हातातलं काम एका ईमेलने संपलं. माझं काय, मी नाशिकला घरी बसले होते. त्याच पैशांतून पगार होणारी तिथली स्थानिक माणसं मात्र रातोरात मोकळी झाली, आणि ती कुठल्याच नाशिकला परत जाऊ शकत नव्हती.

मग मी तिथे करते काय? मुलांना भरवत नाही, औषधं देत नाही. फोटोत दाखवतात तसं कडेवरही घेत नाही. घेतलं तर ती रडतात. मी मोजते. त्याहून खरं म्हणजे तिथल्या तरुण मुलामुलींना मोजायला शिकवते आणि त्यांनी मोजून आणलेलं खरं आहे का ते तपासते.

दंडघेराची पट्टी अंगणवाडी सेविकांना ठाऊक असते, इतरांसाठी सांगते. सहा महिने ते पाच वर्षांचं मूल. डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर पट्टी. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आलं तर लाल, म्हणजे तीव्र कुपोषण, आपल्याकडच्या भाषेत ‘सॅम’. साडेबाराच्या आत पिवळं, म्हणजे मध्यम कुपोषण, ‘मॅम’. त्यापुढे हिरवं. साडेअकरा म्हणजे केवढं? तुमच्या अंगठ्याचं आणि तर्जनीचं कडं करा. त्यात तो दंड मावतो. मग पायांवर सूज आहे का ते बघायचं : दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून धरायचा, खळगा राहिला की नोंद. मग वजन. मग उंची. ऐकायला शाळेतल्या आरोग्य तपासणीसारखं वाटतं.

पण वय? जन्मदाखला बहुतेकांकडे नसतो. सगळ्या आया बारा, चोवीस, छत्तीस महिने अशा ठोकळ आकड्यांवर येऊन थांबतात. म्हणून आधी गावातल्या म्हाताऱ्यांना घेऊन बसायचं आणि घटनांची दिनदर्शिका करायची. पूर कधी चढला, गुरं कधी पळवली, ज्वारी कधी कापली, लढाई कधी आली. “लढाईच्या आधी झाला की नंतर?” “पळत होतो तेव्हा पोटात होता.” झालं, जवळजवळ महिनाच मिळाला. एका प्रशिक्षणात या पद्धतीसाठी माझं फार कौतुक झालं. मी काही बोलले नाही, पण ही विद्या मी पुस्तकातून शिकण्याच्या कितीतरी आधी सातपुड्यातल्या एका अंगणवाडीत पाहिली होती. तिथल्या सेविका, ज्यांना मी मावशी म्हणायची, आयांना विचारायच्या, “भोंगऱ्या बाजाराला पाठीवर होता का? काठीच्या होळीला रांगत होता?” दोन्ही तिकडचे होळीच्या दिवसांतले सोहळे.

उंचीची गोष्ट वेगळी. ती मिलिमीटरपर्यंत वाचायची असते. ८७ सेंटिमीटरच्या आतलं मूल झोपवून मोजायचं, वरचं उभं करून. संध्याकाळी आकडे लॅपटॉपवर चढले की मी सगळ्यात आधी शेवटचा अंक बघते. नीट मोजलेलं असेल तर शून्य ते नऊ हे अंक साधारण सारख्याच वेळा येतात. २०१७मध्ये, पुराच्या दिवसांत, एका चमूचे कागद आले : ८२.०, ७९.५, ९१.०, ८५.५, ७६.०. पन्नास-साठ मुलांची उंची, आणि सगळी शून्यावर नाहीतर पाचावर. याचा अर्थ सरळ आहे, अंदाजाने लिहिलंय. मी चमूप्रमुखाला बोलावलं, पंचविशीचा मुलगा, आणि गाव पुन्हा करायला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, “आम्ही कमरेएवढ्या पाण्यातून चार तास चालत गेलो. आणि तुम्ही म्हणता शेवटचा अंक चुकला.”

मी कोरड्या तंबूत बसून बोलत होते, हे त्याने बोलून दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर निघाले. तिथली माती आपली खानदेश-वऱ्हाडातली काळी, कापसाची माती आहे. तिथले इंजिनिअरही तिला ब्लॅक कॉटन सॉईलच म्हणतात. पावसात ती बूट धरते आणि पाय सोडते. चार नाही, पाच तास लागले. पोचल्यावर उंचीची फळी बघितली. लाकडी फळी, दोन आठवडे डोक्यावरून, पाण्यातून नेलेली. भिजून फुगली होती. सरकती पट्टी अडकत होती, मिलिमीटरच्या रेघा पुसल्या होत्या, फक्त सेंटिमीटरच्या आणि अर्ध्याच्या ठळक रेघा उरल्या होत्या. पोरांनी दिसलं ते लिहिलं होतं. बदललेली फळी घेऊन आम्ही ते गाव पुन्हा केलं. चमूप्रमुखाची माफी मी मागितली, पण इंग्रजीत, घाईत, आणि सगळ्यांसमोर नाही. ते अजून डाचतं.

एका मिलिमीटरने काय फरक पडतो, असं माझा भाऊ विचारतो. वजन कमी आहे का ते उंचीच्या मानाने ठरतं, म्हणून उंची चुकली की कुपोषणाचा टक्काही चुकतो. हिशेब सांगते. तीव्र कुपोषित मुलाला शेंगदाण्याच्या लगद्याची पाकिटं देतात : शेंगदाणे, दूधपावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं. एक पाकीट ९२ ग्रॅम, ५०० कॅलरी. शिजवायला नको, पाणी नको, आई घरी नेऊन देऊ शकते. एका खोक्यात १५० पाकिटं असतात, आणि सहा ते आठ आठवड्यांच्या उपचाराला साधारण एक मूल, एक खोका हा ठोकताळा. आता समजा एका भागात पाच वर्षांखालची ५० हजार मुलं आहेत आणि सर्वेक्षण म्हणतं ३ टक्के ‘सॅम’. म्हणजे त्या दिवशी १,५००. वर्षभरात आणखी मुलं आजारी पडणार, म्हणून आमच्यात या संख्येला २.६ ने गुणायची जुनी रीत आहे. झाले ३,९०० खोके. टक्का ३ ऐवजी २ निघाला असता तर २,६००. मधले १,३०० खोके म्हणजे १,३०० मुलं. त्या देशात डांबरी रस्ते इतके कमी की पावसाळ्यात माल विमानाने नाहीतर होडीने जातो. जास्त मागवलं तर दुसऱ्या कुठल्या भागाचं विमान अडतं, कमी मागवलं तर दवाखान्याच्या दारात आईला परत पाठवावं लागतं. शेवटचा अंक मी उगाच बघत नाही.

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे येते. इतका वेळ मी त्याच्याभोवती फिरतेय, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

आधी तो प्रश्न किती बरोबर आहे ते सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने, उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्या मुलांचं प्रमाण १५ टक्क्यांच्या वर गेलं की परिस्थिती अतिगंभीर धरतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१मध्ये, हे प्रमाण भारतात १९.३ टक्के होतं. महाराष्ट्रात २५.६. हा आकडा मी दक्षिण सुदानच्या राजधानीत, जुबातल्या एका बैठकीत सांगितला तेव्हा केनियाच्या सहकाऱ्याने नम्रपणे विचारलं, दशांश चिन्ह चुकलंय का?

चुकलेलं नव्हतं. फरक आहे तो वेगाचा. आपल्याकडचं कुपोषण पिढ्यानपिढ्या मुरलेलं आहे. अशक्त आई, कमी वजनाचं बाळ, दर दिवाळीनंतरचं स्थलांतर. तिथे गोवर, पटकी आणि पळापळ एकत्र आली की दोन महिन्यांत गाव रिकामं होतं. २० फेब्रुवारी २०१७ला युनिटी प्रांतातल्या लीअर आणि मायेंडिट भागांत दुष्काळ जाहीर झाला. ‘दुष्काळ’ हा आपला रोजचा शब्द. तिथे तो जाहीर करायला तीन अटी लागतात : वीस टक्के घरांत अन्नाची टोकाची टंचाई, तीस टक्के मुलं कुपोषित, आणि दहा हजारांत रोज दोन मृत्यू. त्या वर्षी मी शेजारच्या भागात होते. दलदलीत लपलेली माणसं कमळाचे कंद खाऊन जगत होती. मदत पोचली आणि जूनपर्यंत त्या दोन भागांवरचा शिक्का उठला, भूक नाही उठली. सोमालियात २०११ला याच्या उलट झालं. तिथे सुमारे २ लाख ६० हजार माणसं गेली, अर्ध्याहून अधिक पाच वर्षांखालची. आणि त्यातली जवळपास निम्मी दुष्काळ जाहीर व्हायच्या आधीच. आकडे यायचे तेव्हा येतच होते. ऐकायला उशीर झाला.

पण म्हणून मी तिकडे गेले का? नाही. असं म्हटलं तर खोटं होईल.

सातपुड्यात मी ज्या प्रकल्पात होते, त्यात एका पावसाळ्यात आम्ही मन लावून मोजलं. लाल पट्टीतली मुलं मागच्या नोंदीच्या तिपटीवर गेली. मला वाटलं, शाबासकी मिळेल. वरून फोन आला : आकडा एकदम एवढा कसा वाढला? पुन्हा मोजा. पुन्हा मोजलं, तेवढाच. मग कुणीतरी समजावलं की ‘वाढ’ दिसली की खुलासे द्यावे लागतात, बदल्या होतात. मावशींच्या वहीत पुढच्या महिन्यात लाल मुलं निम्मी झाली. मुलं तीच होती. मावशी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही जाल. मला इथंच राहायचंय.” त्या वर्षाअखेर मी परदेशातल्या कामासाठी पहिला अर्ज केला. पैसे हे कारण होतंच, दोन्ही मुलींची शिक्षणं होती. पण जिथे आकड्याची कुणाला तरी गरज आहे अशा ठिकाणी मोजायची इच्छाही होती.

तिथे गेल्यावर कळलं की मोह तिथेही आहे, फक्त उलट्या दिशेने. तिथे आकडा वाढला तर धान्य येतं. म्हणून आई पाच वर्षांच्या मुलाला चार वर्षांचा सांगते. एका गावात तर शेजारणीचं वाळलेलं मूल तीन घरांत तीनदा मोजायला पुढे केलं होतं; तिसऱ्यांदा आम्हाला बघून ते हसलं, म्हणून सापडलं. मला रागावता आलं नाही. इथे वही वाचवण्यासाठी मूल लपवतात, तिथे मुलाला वाचवण्यासाठी वही फुगवतात. आणि तिथेही सगळं सरळ नाही. माझा एक अहवाल मार्चमध्ये पूर्ण झाला आणि मंजुऱ्या घेत घेत सप्टेंबरमध्ये बाहेर आला. मे ते जुलै हे तिथले उपासमारीचे महिने. माझे पैसे मात्र वेळेवर मिळाले.

तर गुरुजी, धडगावात पोरं कमी वाळलेली नाहीत. मी तिथून गेले, कारण तिथे मोजलेलं खोडायला लावलं आणि मी खोडू दिलं. त्या मावशींना सोडून जायची सोय नव्हती. मला होती.

हे सगळं मी गुरुजींना दिवाळीच्या आधी फोनवर सांगितलं. नंबर महाविद्यालयाकडून मिळवला. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, “बरं. मग आमच्या पोरांना शिकवायला कधी येता? दहा-बारा जण आहेत, बी.एस्सी. झालेली. मोजतील नीट.”

मी डायरी बघितली आणि म्हटलं, जानेवारीत मोकळी आहे, थंडीही बरी असते.

“जानेवारीत मोजायला पोरं कुठून आणणार ताई? ती आईबापाबरोबर गुजरातेत ऊसतोडीला असतात. श्रावणात या,” ते म्हणाले. “आणि येताना गमबूट आणा.”