सहा मुलींच्या शिवणवर्गाचं कॉलेज

बेकिंगच्या वर्गात माझ्या शेजारच्या ओट्यावर साठी ओलांडलेल्या एक कृष्णवर्णीय आजी असतात. पीठ मळायला घेण्याआधी त्या बोटातली अंगठी काढून ॲप्रनच्या खिशात टाकतात, खिसा एकदा चाचपतात आणि मगच पिठात हात घालतात. पहिल्या आठवड्यात माझा गोळा हाताला चिकटत होता. त्यांनी काही न बोलता माझ्या ओट्यावर चिमूटभर पीठ भुरभुरलं आणि मनगटाचा जोर कसा लावायचा ते करून दाखवलं. परदेशात आल्यावर इतक्या सहजपणे मला कुणी काही शिकवलं नव्हतं.

हे टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओचं सेंट फिलिप्स कॉलेज. इथल्या कम्युनिटी कॉलेजांबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. दोन वर्षांचे अभ्यासक्रम, विद्यापीठाच्या मानाने बरीच कमी फी, आणि पुढे हवं तर विद्यापीठात जाता येतं. नर्सिंग, स्वयंपाक, गाड्यांची दुरुस्ती, वेल्डिंग असं पोटापाण्याचं शिक्षण इथे मिळतं. पण सेंट फिलिप्सची गोष्ट निराळी आहे, आणि ती सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

टेक्सासमधल्या गुलामांना ते मुक्त झाल्याचं १९ जून १८६५ रोजी गॅल्व्हस्टनमध्ये जाहीर करण्यात आलं. त्यानंतर ३३ वर्षांनी, १८९८ मध्ये, बिशप जेम्स जॉन्स्टन यांनी ला विलिता या जुन्या वस्तीतल्या एका घरात कृष्णवर्णीय मुलींसाठी शिवणवर्ग काढला. मुली होत्या सहा. १९०२ मध्ये तिथे आर्टेमिशिया बाउडेन आल्या. वडील एके काळी गुलाम होते, आणि मुलगी शाळा चालवायला निघाली होती! त्या पुढची ५२ वर्षं तिथेच राहिल्या. शिवणवर्गाची शाळा झाली, १९१७ मध्ये ती शहराच्या पूर्व भागातल्या आजच्या जागी आली आणि १९२७ मध्ये तिचं ज्युनियर कॉलेज झालं.

मग महामंदी आली आणि कॉलेज चालवणाऱ्या चर्चला खर्च झेपेना. बाउडेनबाईंनी दारोदार फिरून देणग्या गोळा केल्या, पदरमोड केली, पण कॉलेजला कुलूप लागू दिलं नाही. शहराच्या शाळा मंडळाने हे कॉलेज चालवायला घ्यावं म्हणून त्यांनी कित्येक वर्षं पाठपुरावा केला. अखेर १९४२ मध्ये ते मंडळाकडे गेलं. आता ते अलामो कॉलेजेस या सरकारी संस्थासमूहात आहे. मला वाटतं, संस्था काढणाऱ्याचं नाव लोकांच्या लक्षात राहतं. ती पडत्या काळात तगवून धरणाऱ्याचं राहत नाही. बाउडेनबाईंचं राहायला हवं.

शेजारच्या आजींची आईसुद्धा इथलीच विद्यार्थिनी. त्या काळी शहरातल्या दुसऱ्या सरकारी कॉलेजात कृष्णवर्णीय मुलीला प्रवेशच नव्हता. "दार एकच होतं, आणि ते हे," आजी म्हणाल्या. त्या बोलत होत्या तेव्हा त्यांचे हात थांबले होते, एरवी ते कधीच थांबत नाहीत. १९५५ पासून इथे गोरे विद्यार्थीही येऊ लागले. आज आमच्या वर्गात सर्वांत जास्त मुलं मेक्सिकन वंशाची आहेत. मधल्या सुट्टीत इंग्रजीइतकंच स्पॅनिश कानावर पडतं. मुळात कृष्णवर्णीयांसाठी निघालेलं ऐतिहासिक कॉलेज आणि हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाच्या, विद्यार्थ्यांची संस्था, अशा दोन्ही सरकारी मान्यता असलेलं हे देशातलं एकमेव कॉलेज.

जोतीरावांनी १८७३ मध्ये आपली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली होती. शाळेत असताना हे वाक्य मी पाठ केलं होतं, तेव्हा ते परीक्षेपुरतं होतं. आता सकाळी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाच्या रस्त्याने वर्गाकडे जाताना ते आठवतं.

काल पाव भट्टीतून निघाल्यावर आजींनी बोटाच्या पेराने बुडावर टकटक करून पाहिलं. आतून पोकळ आवाज आला म्हणजे पाव झाला. मग खिशातली अंगठी बोटात घालत त्यांनी सांगितलं, की नातवाचाही अर्ज भरलाय. हवाई दलाच्या जुन्या केली तळावर कॉलेजची दुसरी शाखा आहे, तिथे तो विमानदुरुस्ती शिकणार आहे.