भीती ताटात, धोका मोरीत

परवा नागपूरहून धाकट्या बहिणीचा फोन. पेपरात परत कुठल्याशा पोल्ट्रीत बर्ड फ्लू आल्याची बातमी होती. "दादा, रविवारी जावई येतायत. चिकन करू की पनीर?"

घरात ढोर-कोंबड्यांचं काही विचारायचं असलं की फोन मलाच येतो. पशुधन पर्यवेक्षक म्हणून रिटायर झालो, त्याची ही पेन्शन. "कर की चिकन," म्हटलं. तर म्हणे, "अरे, आमच्या गोरेवाड्यात वाघ मेले कोंबडी खाऊन, आणि तू कर म्हणतोस?"

तिचं खोटं नव्हतं. डिसेंबर 2024 च्या अखेरीस गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या गेला. भोपाळच्या प्रयोगशाळेनं एच5एन1, म्हणजे बर्ड फ्लूचा विषाणू, असल्याचं सांगितलं. खायला घातलेल्या कोंबडीतूनच आलं असावं, असा संशय होता. पण वाघ रस्सा करून खात नाही, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तो कच्चं खातो.

मार्च 2025 मध्ये आंध्रातल्या पालनाडू जिल्ह्यात दोन वर्षांची मुलगी याच विषाणूनं दगावली. पुण्याच्या एनआयव्हीनं, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेनं, निदान पक्कं केलं. घरी चिकन कापताना तिला कच्चा तुकडा दिला होता, असं घरच्यांनी सांगितलं. तेच चिकन शिजवून खाल्लेल्यांना काही झालं नाही. ही बातमी वाचून मी जेवण अर्धं टाकून उठलो होतो. शिजवलेल्याची भीती मला कधीच वाटली नाही. 70 अंशांपुढे हा विषाणू टिकत नाही आणि आपला रस्सा तर रटरट उकळतो. भीती वाटते ती त्याच्या आधीच्या अर्ध्या तासाची.

ती बसली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात. फेब्रुवारी 2006. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो तिथं. मी तेव्हा धुळे जिल्ह्यात होतो, रात्रीतून आदेश आला. पोल्ट्रीवाले ठामपणे सांगत होते, "साहेब, ही मानमोडी आहे, दर साली येते." त्यांचं तरी काय चुकलं? मानमोडी म्हणजे राणीखेत रोग, त्यातही कोंबड्या पटापट मरतात. 18 तारखेला भोपाळचा रिपोर्ट आल्याचं जाहीर झालं आणि तीन किलोमीटरच्या आतली सगळी कोंबडी मारायचं ठरलं. कागदावर त्याला 'शास्त्रोक्त विल्हेवाट' म्हणतात. प्रत्यक्षात मान पिरगाळायची, गोणीत भरायची, खड्ड्यात टाकून वर चुना. पांढऱ्या सूटमध्ये घामाच्या धारा, गॉगलवर वाफ, रोज टॅमिफ्लू या फ्लूवरच्या औषधाची एक कॅप्सूल.

शेडमधलं काम निबर मनानं झालं. अडलो एका पाड्यावर. एका आजीनं डालग्याखाली खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवलेली. मी डालगं उचललं तर म्हणाली, "अंडीपण नेतोस का रे?" नेली. पण मला आठवतं ते दारातलं. मातीत पिसं पडलेली, ओली. आदल्या दिवशी एक कोंबडी मलूल झाली, मरायच्या आत कापली, हातानंच सोलली. नातू पिसांशी खेळत होता. आम्ही नखशिखांत झाकलेले आणि ते पोर उघडंनागडं!

नवापुरात माणसांचे नमुने तपासले, एकालाही लागण निघाली नाही. नशीब म्हणा, पण त्यात विषाणूचा स्वभावही आहे. पेशीत शिरायला त्याला जी कडी लागते, ती पक्ष्यांच्या अंगात जागोजागी असते. माणसाच्या नाकाघशात ती फारशी नाही, खोल फुप्फुसात आहे. म्हणून तो आपल्याला सहजी लागत नाही, आणि एकाकडून दुसऱ्याकडे सर्दीसारखा पसरतही नाही. पण आजारी पक्ष्याची विष्ठा, लाळ, रक्त यांचे कण श्वासातून खोल गेले, तर न्यूमोनिया होतो तो भयंकर. 2003 पासून जगात नऊशेहून जास्त माणसांना एच5एन1 झाल्याची नोंद आहे. त्यातली जवळपास निम्मी गेली. सौम्य रुग्ण मोजलेच जात नसतील, हे धरूनही आकडा हलका नाही.

म्हणून बहिणीला म्हटलं, तू ते नळाखाली धारेनं चिकन धुतेस ना, ते बंद कर. शिंतोडे ओट्यावर, कोशिंबिरीच्या काकडीवर, तुझ्या तोंडावर. पातेल्यात पाणी घेऊन हळू खळबळ, कापायची पाटी वेगळी, हात साबणानं. दुकानात डोळ्यांसमोर कोंबडी कापून घ्यायची हौस असेल तर नातवाला कडेवर नेऊ नकोस. अंगणात कावळा मेलेला दिसला तर काठीनंसुद्धा ढोसू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. आणि मेलेल्या पक्ष्याला हात लावल्यावर आठ-दहा दिवसांत ताप-खोकला आला तर डॉक्टरला आधी ते सांगायचं. औषध आहे, पण पहिल्या दोन दिवसांत सुरू केलं तर जास्त चालतं. नुसतं 'ताप आलाय' म्हटलं तर तो बिचारा डेंग्यू शोधत बसेल.

"बरं बाई, म्हणजे बरं दादा," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आणि बोक्याला? त्याला मी साफ करतानाच आतडी-बितडी टाकते."

छिंदवाडा तिच्यापासून काही फार लांब नाही. 2025 च्या सुरुवातीला तिथल्या पाळीव मांजरांत हाच विषाणू सापडला होता. "उकडून घाल," मी म्हटलं.

"उकडलेलं तो हुंगतसुद्धा नाही रे."


"मग त्याला पनीर घाल," म्हटलं आणि फोन ठेवला.