तिसऱ्या रांगेत खरंच कोणी बसतं का?

दिवाळीत आम्ही सात आसनी एसयूव्ही घेतली. तेव्हापासून शाळेतल्या सहकारी, गल्लीतल्या काकू, माहेरचे लोक, सगळे एकच विचारतात: "ताई, मागच्या रांगेत खरंच कोणी बसतं का?" तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

बसतं. पण कोण बसतंय आणि किती वेळ, त्यावर सगळं आहे.

टाटाची सफारी घ्या की महिंद्राची एक्सयूव्ही700, लांबी 4.7 मीटरच्या आतच. त्यात इंजिन, तीन रांगा आणि डिकी बसवायची, म्हणून तिसरी रांग मागच्या चाकांवर जाते. तिथे पायाखालची जागा उंच आणि सीट बुटकी, त्यामुळे मोठ्या माणसाचे गुडघे वर येतात. खड्ड्याचा दणकाही तिथेच जास्त लागतो. मुलांना चालतं. म्हणून टेस्ट ड्राइव्हला घरचे सगळे घेऊन गेलो आणि अमळनेरहून पारोळ्यापर्यंत मी मागेच बसले. तुम्हीही तसंच करा. पुढच्या सीटवर बसून या गाडीची परीक्षा होत नाही.

आपल्या खान्देशातलं ऊन वेगळं. एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 वर जातो, तेव्हा एसीचे झोत तिसऱ्या रांगेलाही आहेत का, हे आधी बघा. उन्हात उभी गाडी असेल तर आम्ही चारही दारं आणि डिकी पाच मिनिटं उघडी ठेवतो, मगच निघतो.

सामानाचं मात्र अवघड आहे. तिसरी रांग उभी केली की डिकीत दोन-तीन पिशव्या मावतात, बस. नणंदा आखाजीहून, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या माहेरपणाहून, परत निघतात तेव्हा पापड, कुरडया, बिबड्या, दादर ज्वारीचं पीठ असं सगळं बरोबर असतं. टपावर कॅरिअर लावून घेतलं तेव्हा कुठे सोय झाली.

किमतीचंही विचारता. सप्टेंबर 2025 पर्यंत अशा मोठ्या गाड्यांवर 28 टक्के जीएसटी आणि 22 टक्के सेस होता, 22 सप्टेंबरपासून सरळ 40 टक्के झाला. आम्ही त्यासाठीच थांबलो होतो. तरी डिझेल गाडीचा रोड टॅक्स वेगळा भरावा लागतोच, तो हिशेबात धरा.

आता ही गाडी का घेतली, ते सांगते. सप्तशृंगी गड हे आम्हा खान्देशवाल्यांचं दैवत. आखाजीला दोन्ही नणंदा माहेरी आल्या की एकदा गडावर जायचंच, हा घरचा रिवाज. जुन्या गाडीत पाच जण. उरलेले दोघं कोण, यावर दरवेळी सगळे गप्प व्हायचे. तीन वर्षांपूर्वी सासूबाईच म्हणाल्या, "तुम्ही गाडीनं जा, मी धाकटीबरोबर एसटीनं येते." गुडघे दुखत असताना त्या धुळ्याला गाडी बदलून आमच्यानंतर दोन तासांनी नांदुरीला पोचल्या. आम्ही पायथ्याशी वाट बघत बसलो होतो. ते दोन तास मला अजून टोचतात.

या आखाजीला सातही जण एकाच गाडीत निघालो. गाडीत चढताना सासूबाईंनी सवयीनं मागची जागा धरली, "मी मांगे बसस." नणंदेनं हात धरून त्यांना मधल्या रांगेत खिडकीशी बसवलं. मागे माझा मुलगा आणि भाची. मालेगाव, देवळा, कळवण इथपर्यंत दोघं मजेत होती. नांदुरीचा घाट लागला आणि वळणांवर भाचीला उलटी झाली. मागे बसलेल्याला गाडी जास्त हेलकावते, हे तेव्हा नीट कळलं. घाट असेल तर गाडी लागणाऱ्याला तिथे बसवू नका, आणि कुणालाही बसवलंत तरी पट्टा लावायला सांगाच.

परतताना भाचीला मध्ये घेतलं आणि मी मागे गेले, मुलाशेजारी. धुळ्यापर्यंत पाय आखडले. पण तिथून सगळे दिसत होते. पुढे नवरा आणि मोठी नणंद रस्त्याचं बोलत होते, भाची झोपलेली, आणि सासूबाईंचं डोकं धाकट्या लेकीच्या खांद्यावर. टपावर देवीच्या प्रसादाची पिशवी बांधली होती. मुलगा म्हणाला, "आई, पुढच्या वेळी आत्याला इथे बसव, मी सांगतो तिला कुठे धरायचं ते."