ईमॅक्सची ‘डॉक’ फाइल बाहेरून वाचताना : कामाची नोंद

जीएनयू ईमॅक्स या मजकूर-संपादकातील अंगभूत फंक्शनांची वर्णने संपादक सुरू न करता वाचता यावीत, यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिण्याचे काम मी हाती घेतले आहे. संदर्भासाठी २७.२ या आवृत्तीचा सोर्स वापरत आहे. ही वर्णने ज्या ‘डॉक’ फाइलमध्ये असतात, तिच्यातील नोंदी वेगळ्या करण्याचा भाग आता नीट चालतो. शोधसूचीचे काम मात्र अर्धवट आहे.

सी भाषेतील मूळ फंक्शने ‘डीफन’ या मॅक्रोने घोषित केली जातात. लिस्प या ईमॅक्समधील दुसऱ्या भाषेतील नाव, सीमधील नाव, आर्ग्युमेंटांची किमान आणि कमाल संख्या असे सर्व सांगून झाल्यावर शेवटी ‘डॉक’ या खुणेपुढे वर्णन येते, पण ते सी भाषेच्या कॉमेंटमध्ये लिहिलेले असते. साहजिकच कंपायलरला ते दिसत नाही आणि फंक्शनच्या रचनेत वर्णनाच्या जागी शून्य बसते. ईमॅक्सचे बिल्ड, म्हणजे सोर्सपासून चालता प्रोग्राम बनवण्याचे काम, चालू असताना ‘मेक-डॉकफाइल’ नावाचा स्वतंत्र प्रोग्राम याच सोर्स फाइली साधा मजकूर म्हणून चाळतो, कॉमेंटमधील वर्णने उचलतो आणि ती ‘डॉक’ नावाच्या एकाच फाइलमध्ये ओळीने लिहितो. बिल्डच्या वेळीच लोड होणाऱ्या लिस्प फाइलींतील वर्णनेही या आवृत्तीत तेथेच जातात.

या फाइलची मांडणी कमालीची साधी आहे. प्रत्येक नोंद अष्टमान ०३७, म्हणजे दशमान ३१, या बाइटने सुरू होते. त्यानंतर फंक्शनसाठी ‘एफ’ किंवा व्हेरिएबलसाठी ‘व्ही’ हे अक्षर, लगेच नाव आणि पुढच्या ओळीपासून वर्णन. ‘एस’ने सुरू होणाऱ्या नोंदी नंतरचा मजकूर कोणत्या सोर्स फाइलमधून आला ते सांगतात. एखादे मूळ फंक्शन कोणत्या सी फाइलमध्ये आहे हे मदत-खिडकीत दिसते, ते या नोंदींच्या आधारे. माझ्या प्रोग्रामने सुरुवातीला त्या गाळल्या होत्या. आता त्या ठेवल्या आहेत, कारण फाइलनुसार गट पाडण्यासाठी त्यांचाच उपयोग होतो.

खरी गंमत पुढे आहे. बिल्डच्या शेवटी ईमॅक्सची मेमरीतील प्रतिमा फाइलमध्ये साठवली जाण्याआधी, म्हणजे डंप होण्याआधी, ‘स्नार्फ-डॉक्युमेंटेशन’ हे फंक्शन ही फाइल वाचते आणि प्रत्येक फंक्शनमध्ये वर्णनाऐवजी केवळ त्याचे फाइलमधील स्थान, म्हणजे एक पूर्णांक, ठेवते. वापरकर्त्याने मदत मागितली की त्या स्थानी जाऊन मजकूर वाचला जातो. वर्णनांनी मेमरी अडवू नये हा यामागचा हेतू, आणि आजच्या यंत्रांवर ही बचत किरकोळ असली तरी मला ही रचना अजूनही देखणी वाटते. शिवाय ती आंधळी नाही: मजकूर देण्यापूर्वी त्या स्थानाच्या अलीकडे नाव आणि ०३७ बाइट खरोखर आहेत का, हे तपासले जाते. फाइल बदलली असेल तर भलत्याच फंक्शनचे वर्णन समोर येऊ नये, एवढ्यासाठी ही दक्षता आहे.

नंतर लोड होणाऱ्या कंपाइल्ड लिस्प फाइलींत हीच कल्पना वेगळ्या रूपात दिसते. तेथे वर्णन त्याच फाइलमध्ये एका खास कॉमेंटमध्ये असते. कॉमेंटच्या आरंभी तिची लांबी दिलेली असल्यामुळे लोड करणारा भाग ती न वाचता ओलांडून जातो. पाहण्यासाठी मी एका फंक्शनला मराठीत वर्णन देऊन फाइल कंपाइल केली. ही लांबी अक्षरांत नव्हे, तर बाइटांत मोजलेली असते आणि यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून नोंदलेला आकडा दिसणाऱ्या मजकुराच्या मानाने बराच मोठा निघाला. अर्थात, माझ्या प्रोग्रामलाही फाइल बाइटांच्या रूपातच उघडावी लागते.

सध्या अडलेली बाब अशी की वर्णनांमध्ये कमांडच्या नावांभोवती विशिष्ट खुणा असतात आणि त्यांच्या जागी प्रत्यक्ष कळा भरण्याचे काम ईमॅक्स मजकूर दाखवतानाच करतो. कीमॅप, म्हणजे कोणत्या कळेने कोणती कमांड चालते याचा तक्ता, हाताशी नसताना ते बाहेरून करणे शक्य नाही; म्हणून सूचीत तूर्त कमांडचे नावच छापण्याचे ठरवले आहे.