विस्कॉन्सिनमधली हरणाची शिकार: घरी भरलेली काडतुसं, तांब्याची गोळी आणि पुढे जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापर्यंत हिमयुगातला बर्फ पोचलाच नाही. राज्याचा बाकीचा भाग घासून सपाट झाला, पण इथे अरुंद दऱ्या, चुनखडीचे कडे आणि ओकची दाट झाडी टिकून राहिली. या मुलुखाला ड्रिफ्टलेस म्हणतात. मॅडिसनहून १४ नंबरच्या रस्त्याने पश्चिमेला तासभर गाडी हाकली की स्प्रिंग ग्रीन आणि लोन रॉक येतं, पुढे रिचलंड सेंटर. डाव्या हाताला विस्कॉन्सिन नदी. प्रेरी डू सॅकच्या धरणापासून मिसिसिपीच्या संगमापर्यंत जवळपास ९२ मैल ही नदी मोकळी वाहते आणि तिच्या काठची बरीच जमीन सरकारी, शिकारीला खुली आहे. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी रायफलचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. आम्ही तिघं त्यासाठीच गेलो होतो: मी, माझा मित्र आणि त्याचा धाकटा भाऊ, ज्याचा हा पहिलाच हंगाम.

निघण्याआधी महिनाभर त्या धाकट्याचा एकच प्रश्न होता. "दादा, दुकानात काडतुसं आयती मिळतात, मग तू घरी का भरतोस?" पैसे वाचतात हे या प्रश्नाचं नेहमीचं उत्तर, आणि ते मला पटत नाही. प्रेस (काडतूस भरायचं यंत्र), डाय (त्यातला साचा), वजनाचा काटा, पुंगळ्या (काडतुसाची पितळी नळकांडी) यांचा खर्च निघायला बरीच वर्षं जातात. मी भरतो ते गोळी माझ्या मनाची निवडता यावी म्हणून. हरणाच्या अंगात शिरल्यावर ती गोळी काय करते, किती मांस नासवते आणि जंगलात मागे काय सोडून जाते, याचा विचार आधी. बंदुकीची दारू, प्रायमर (ती पेटवणारी पुंगळीच्या बुडातली टोपी), पुंगळी हे सगळं त्यानंतर.

गोळ्यांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण नवा माणूस इथेच गोंधळतो. जुन्या पद्धतीची गोळी म्हणजे शिशाचा गाभा आणि वर तांब्याचं पातळ आवरण. ती स्वस्त असते, बहुतेक रायफलींतून सरळ जाते आणि लवकर फुलते. पण जवळच्या अंतरावर, वेग भरपूर असताना, खांद्याच्या हाडाला लागली तर फुटून तिचे तुकडे होतात. जॉन नॉसलर यांना १९४६ मध्ये कॅनडात मूस या थोराड हरणाच्या शिकारीत हाच अनुभव आला. चिखलाने माखलेल्या त्या जनावराच्या जाड कातडीतून गोळ्या खोल गेल्याच नाहीत. त्यातून त्यांनी मधोमध तांब्याची भिंत असलेली पार्टिशन गोळी तयार केली. पुढचा भाग फुलतो आणि मागचा भाग भिंतीमुळे शाबूत राहून आत जात राहतो. ती आजही विकली जाते. पुढे गाभा आवरणाला चिकटवलेल्या, म्हणजे बाँडेड, गोळ्या आल्या. १९८० च्या दशकाच्या शेवटी बार्न्सने अख्ख्या तांब्याची एक्स गोळी काढली. तिच्यात शिसं औषधालाही नाही. टोकाला पोकळी असते, ती आदळल्यावर चार पाकळ्या उघडतात आणि जवळजवळ सगळं वजन टिकून राहतं.

मी तांब्याची वापरतो आणि तुम्हीही वापरावी असं मनापासून सांगतो. शिशाची गोळी फुटते तेव्हा त्यातले बारीक कण जखमेच्या वाटेतच राहत नाहीत. मिनेसोटाच्या वन्यजीव खात्याने २००८ मध्ये मेंढ्यांवर गोळ्या झाडून क्ष-किरण तपासणी केली, तेव्हा जखमेपासून फूटभर लांबही कण सापडले. त्याच वर्षी नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या मांसात शिसं दिसलं आणि ते मांस वाटायचं थांबवावं लागलं. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हा प्रश्न जेवणाच्या ताटापर्यंत येतो. दुसरी गोष्ट आतड्यांची. शिकारी ती जागेवरच काढून टाकतात आणि नोव्हेंबरात या नदीवर उतरणारे पांढऱ्या डोक्याचे गरुड त्यांवर ताव मारतात. २०२२ मध्ये ३८ राज्यांतल्या १२१० गरुडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जवळपास निम्म्यांच्या हाडांत दीर्घकाळ साचलेलं शिसं आढळलं. कॅलिफोर्नियाने काँडोर गिधाडांसाठी १ जुलै २०१९ पासून सगळ्याच शिकारीत शिशाच्या गोळ्यांना बंदी घातली. विस्कॉन्सिनमध्ये तशी सक्ती नाही, निर्णय आपल्यावर आहे. सकाळी नदीतल्या वाळूच्या पट्ट्यावर बसलेला गरुड पाहिला की माझ्यापुरता हा वाद संपतो.

तांब्याच्या काही अटी मात्र आहेत. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. ती पुंगळीत जास्त जागा खाते आणि दाब वाढतो. शिशाच्या गोळीसाठी छापलेलं दारूचं माप तांब्याच्या गोळीला कधीही वापरू नका. ज्या कंपनीची गोळी, तिच्याच पुस्तकातलं त्याच गोळीचं कोष्टक उघडा. वजनही एक पायरी कमी घ्यावं. माझी रायफल थ्री-ओ-एट विंचेस्टर, १९५२ पासून चालत आलेलं काडतूस. त्यात पूर्वी १६५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) शिशाची गोळी होती, आता १५० ग्रेनची तांब्याची. ती नळीतून सेकंदाला साधारण २८०० फुटांनी निघते. तांबं फुलायला वेग लागतो. सेकंदाला दोन हजार फुटांच्या खाली गेल्यावर पाकळ्या नीट उघडतील याचा भरवसा कमी होतो, म्हणून लांबचा बार टाळायचा. या झाडीत शंभर-दीडशे यार्डांच्या पुढे दिसतच नाही, त्यामुळे अडचण आली नाही. निशाणेबाजीच्या स्पर्धेसाठीच्या मॅच गोळ्या कागदी लक्ष्यावर अगदी जवळजवळ लागतात, पण त्या हरणावर झाडू नका. त्या जनावराच्या अंगात कशा वागतील हे सांगता येत नाही आणि यातना सावजाला होतात. कोणाकडे नळीखाली लांब मॅगझिन असलेली जुनी थर्टी-थर्टी रायफल असेल तर त्यात टोकदार कडक गोळी भरू नये. काडतुसं एकामागे एक उभी राहतात आणि धक्क्याने मागच्याचं टोक पुढच्याच्या प्रायमरवर आदळू शकतं.

भरण्याचं काम मी ऑक्टोबरात तळघरात करतो. फोन वर ठेवून, एकटा. टेबलावर एका वेळी एकच दारूचा डबा. काम झालं की उरलेली दारू लगेच त्याच डब्यात परत. पुंगळ्या धुऊन, तडे आणि बुडाजवळची चमकदार रेघ तपासून घेतो. अशी रेघ दिसली की पुंगळी फेकून द्यायची, कारण ती तिथेच फाटणार. मग डायमधून काढून मूळ मापाला आणायची, लांबी वाढली असेल तर कापायची, तोंडाची कड साफ करायची. तांब्याच्या गोळीला ही कड गुळगुळीत लागते. सुरुवात कोष्टकातल्या सगळ्यात कमी मापाने करायची आणि थोडं थोडं वाढवत जायचं. बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) उचलायला जड लागला, प्रायमर चपटा झाला किंवा पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाचा) ठसा उमटला की तिथेच थांबायचं, कोष्टकात अजून जागा असली तरी. दारू भरल्यावर सगळ्या पुंगळ्या फळीत उभ्या करून विजेरीने आत बघायचं. एखादी रिकामी किंवा जास्त भरलेली असेल तर पातळीवरून लगेच कळतं. तांब्याची गोळी नळीतल्या आट्यांपासून (आतल्या पिळदार खाचांपासून) जरा मागे बसवली तर बहुधा चांगली चालते. माझ्या रायफलीत तसंच झालं.

डब्यावर तारीख, दारू, माप, गोळी, प्रायमर सगळं लिहा. एका रायफलीसाठी वाढवत नेलेलं माप दुसऱ्या रायफलीत जास्त होऊ शकतं, म्हणून मित्राने भरलेली काडतुसं घेऊ नका आणि आपली देऊ नका. धाकट्याला मी दुकानातली तांब्याची काडतुसं घ्यायला लावली. स्वतःपुरती भरायला संघीय परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो.

तपासणी थंडीत करा. ऑक्टोबरच्या उन्हात बसवलेला नेम शून्याखालच्या सकाळी थोडा खाली उतरू शकतो, कारण बऱ्याच दारूंचा वेग थंडीत घटतो. आम्ही हंगामाच्या आधीच्या आठवड्यात पहाटे रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) गेलो. शंभर यार्डांवर दीड इंच वर नेम ठेवला की या जंगलात हिशोब करावा लागत नाही. आणि टेबलावरून नव्हे, गुडघ्यावर बसून, जाड हातमोज्यांसकट मारून बघा.

शनिवारी सूर्योदयाच्या बऱ्याच आधी मस्कोडाच्या बाजूला गाडी लावली. पार्किंगमध्ये आधीच अर्धा डझन पिकअप होत्या, म्हणून रस्त्यापासून जितकं आत जाल तितकं बरं. सरकारी जमिनीवर मचाणासाठी झाडाला खिळे ठोकता येत नाहीत. आम्ही कड्याच्या पायथ्याशी, पडलेल्या ओकला पाठ लावून जमिनीवरच बसलो. हा भूभाग समजून घेतला तर मचाण लागतही नाही. रायफलींचे आवाज सुरू झाले की हरणं सपाट नदीकाठ सोडून कड्याच्या घळीत शिरतात, आणि घळीच्या तोंडाशी वारा आपल्याकडे येत असेल तर ती जवळून जातात. हरणाच्या पाठीमागे उतार असल्याने गोळी मातीतच जाते. तांब्याची गोळी बहुधा आरपार निघते, म्हणून हे आधी बघा.

उजाडल्यावर तासाभराने दोन माद्या आणि मागे एक कोवळा नर खाली उतरला. पुढची मादी ऐंशी यार्डांवर आडवी थांबली. खांद्याच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम. बार टाकल्यावर ती साठेक यार्ड धावली आणि पडली. तांब्याच्या गोळीचं हे लक्षात ठेवा: हरीण जागेवर कोसळेलच असं नाही, पण दोन्ही बाजूंनी रक्त सांडतं आणि बर्फावर माग सोपा जातो. तरी लगेच मागे पळू नका, पाऊण तास थांबा. फाडल्यावर दोन्ही फुप्फुसं गेलेली, खांद्याचं मांस मात्र जवळजवळ सगळं वाचलेलं. धाकट्याने दिवसभरात एकही बार टाकला नाही. त्याच्यासमोर आलेलं हरीण फांद्यांच्या मागे होतं आणि त्याने चाप ओढलाच नाही. मला त्याचा फार अभिमान वाटला.

आता कागदपत्रं. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीचं प्रशिक्षण प्रमाणपत्र लागतं. कमरेवरच्या कपड्यांचा निदान निम्मा भाग भडक नारंगी किंवा भडक गुलाबी हवा, टोपीचाही. मारलेल्या हरणाची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन किंवा फोनवर करायची.

एचवन-बी, एफ-वन असल्या व्हिसावर असाल तर हे नीट वाचा. संघीय कायद्याने अशा व्हिसावर बंदूक आणि काडतुसं दोन्ही जवळ बाळगायला मनाई आहे. वैध शिकारी परवाना असणं हा त्यातला अपवाद. म्हणजे परवाना आधी, रेंजवर मित्राची रायफल हातात घेणंसुद्धा त्यानंतर, आणि परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला. इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारून घ्या. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई लागू नाही.

या भागात हरणांना क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा असाध्य रोग आहे. विस्कॉन्सिनमध्ये तो २००२ मध्ये माउंट होरेबजवळ पहिल्यांदा सापडला. माणसाला झाल्याचं आढळलेलं नाही, पण रोगी ठरलेल्या हरणाचं मांस खाऊ नये असा सीडीसीचा (अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा) सल्ला आहे. मानेच्या पाच इंचांसकट डोकं रस्त्याकडेच्या तपासणी पेटीत टाकायचं, चाचणी फुकट. निकालाला साधारण दोन आठवडे लागतात, तोवर मांस वेगळं बांधून, नंबर टाकून फ्रीझरमध्ये. आमचं निगेटिव्ह आलं. मांडीचं मांस वहिनींनी भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मंद आचेवर शिजवलं. चरबी कमी असल्याने तेल थोडं सढळ हाताने घाला.

विमानाने येणार असाल तर रायफल रिकामी, कुलूपबंद कडक पेटीत, काउंटरवर सांगून. काडतुसं चेक-इन सामानात त्यांच्या खोक्यात, बहुतेक कंपन्यांत ११ पौंडांपर्यंत. सुटी दारू आणि प्रायमर विमानात अजिबात चालत नाहीत. आणि शिकारीचं जॅकेट किंवा पाठपिशवी घेऊन भारतात जाऊ नका. खिशाच्या अस्तरात राहिलेलं एक काडतूस मुंबईच्या विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवायला पुरतं, आणि रिकामी पुंगळी सापडली तरी चौकशीत अडकाल.